आमच्या पेठेतील मशीद नव्याने बांधताना सहनावर स्लॅब घालावा का?

दगडीओवरी (धागाकर्ता)

सर्वांना नमस्कार आणि सलाम.

कोल्हापुरातील आमच्या पेठेतली जुनी मशीद नव्याने बांधायचे जमातीने ठरवले आहे. नकाशा तयार आहे. त्यात खाली दुकानगाळे, वर बंद काचांचे वातानुकूलित सभागृह, आणि आज जेथे उघडे सहन, म्हणजे अंगण, व त्याच्या मध्यभागी हौद आहे तेथे सलग स्लॅब दाखवला आहे. बांधकामाचे नकाशे काढण्यात माझे आयुष्य गेले, म्हणून मला समितीत घेतले आहे. या नकाशाला माझी हरकत आहे. जुन्याची ओढ मला आहेच, पण हरकतीचे कारण ते नव्हे. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत त्याच मशिदीत जे डोळ्यांनी पाहिले, त्यातून ती आली आहे. येथे वास्तुकलेतले, वैद्यकातले आणि विश्वस्त म्हणून कारभार पाहणारे बरेच जण आहेत, म्हणून विषय सविस्तर मांडतो.

ज्यांचे मशिदीत जाणे होत नाही त्यांच्यासाठी आधी रचना सांगतो. कोल्हापूरहून मक्का पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे कललेली आहे. त्यामुळे किब्ल्याची, म्हणजे नमाजेच्या दिशेची, भिंत पश्चिमेची. तिच्या मध्यावर मिहराब, म्हणजे इमामाचा कोनाडा, शेजारी मिंबर, म्हणजे प्रवचनाच्या पायऱ्या, आणि भिंतीला समांतर अशा नमाजींच्या सफा, म्हणजे रांगा. या भिंतीत सहसा दार ठेवत नाहीत आणि खिडकी ठेवलीच तर लहान व उंचावर ठेवतात, कारण नमाजींच्या समोरून ये-जा होऊ नये. आता आपल्या गावचा वारा आठवून पाहा. पावसाळाभर तो पश्चिमेचा असतो, उन्हाळ्यात संध्याकाळी जीव थंड करणारी झुळूकही तिकडूनच येते. म्हणजे ज्या बाजूने वारा यायचा नेमकी तीच बाजू बंद. जुन्या कारागिरांनी याची भरपाई उरलेल्या तीन बाजूंनी केली. पूर्वेची बाजू कमानींनी पूर्ण उघडी आणि तिच्यासमोर सहन, उत्तर-दक्षिणेला खिडक्या, किब्ल्याच्या भिंतीत छताजवळ दोन-तीन झरोके. पश्चिमेच्या भिंतीवर आपटलेला वारा छपरावरून पलीकडे जातो, इमारतीच्या आडोशाला पूर्वेकडे हवेचा दाब उतरतो, आणि झरोक्यांतून व खिडक्यांतून आत आलेली हवा कमानींमधून सहनाकडे ओढली जाते. सहन हा या सगळ्या व्यवस्थेचा उच्छ्वास आहे.

आमच्या मशिदीत मात्र पंधरा-वीस वर्षांपूर्वी पूर्वेच्या कमानींना अॅल्युमिनियमच्या सरकत्या काचा बसवल्या गेल्या. पारवे घाण करतात म्हणून झरोक्यांना प्लायवूड ठोकले. त्या वेळी मीही मान डोलावली होती.

मार्च २०२० च्या अखेरीस टाळेबंदी लागली. अजान होत राहिली, पण नमाजेला पेशइमाम, बांगी (अजान देणारे) आणि आम्ही दोघे-तिघे एवढेच. माझे घर मशिदीच्या भिंतीला लागून असल्याने मी त्या मोजक्यांत होतो. रमजान २५ एप्रिलला सुरू झाला. एका गुरुवारी मगरिबनंतर, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजेनंतर, बांगींनी नेहमीप्रमाणे ऊद, म्हणजे सुगंधी धूप, लावला. एरवी गर्दीत ज्याकडे लक्ष जात नाही ते रिकाम्या मशिदीत स्पष्ट दिसले. धुराची रेघ सरळ घुमटाकडे चढली, वर जाऊन पसरली, आणि थोड्या वेळाने तोच धूर पंख्यांच्या वाऱ्याबरोबर खाली उतरून पहिल्या सफेच्या उंचीवर तरंगू लागला. रात्रीच्या इशाच्या अजानीपर्यंत तो आतच होता. दुसऱ्या दिवशी आम्ही शिडी लावून झरोक्यांचे प्लायवूड काढले, काचा सरकवून कमानी मोकळ्या केल्या, आणि पुन्हा ऊद लावला. या वेळी रेघ अर्ध्यावरच वाकली, आडवी झाली, आणि मधल्या कमानीतून सहनात जाऊन हौदावर विरली. बांगी बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे एवढी वर्षे आपण एकमेकांचा श्वासच घेत होतो."

नंतर १६ नोव्हेंबर २०२० रोजी, दिवाळी पाडव्याला, राज्यातील प्रार्थनास्थळे उघडली तेव्हा अंतर राखून उभे राहायचे होते. एका नमाजीला साधारण दोन फूट रुंद आणि चार फूट खोल जागा लागते. आमचे आतले दालन चाळीस फूट बाय साठ फूट आहे, म्हणजे खांद्याला खांदा लावून तीनशे माणसे. प्रत्येकाभोवती सहा फुटांचे अंतर धरले की तेथे पासष्टच्या आसपास माणसे मावतात. बाकीच्यांना सहनाने सामावून घेतले. उघड्या आभाळाखाली, चटईवर, घरून आणलेल्या जानमाजवर. सहन नसते तर जुम्याला, म्हणजे शुक्रवारच्या नमाजेला, निम्म्याहून अधिक माणसे दारातून परत गेली असती.

नव्या नकाशात हे सहनच नाही. म्हणून विचारतो: आपल्या हवामानात, आपल्या प्रार्थनेच्या रीतीत, दुसरा मार्ग काय आहे?

कमानमिस्त्री

दगडीओवरी साहेब, आपण विषय नेमका पकडला आहे. मी वास्तुविशारद आहे आणि जुन्या इमारतींच्या दुरुस्तीची कामे करतो. काही गोष्टी जोडतो.

उघडे सहन हा मशिदीचा एकमेव नमुना नाही, हे आधी सांगायला हवे, नाही तर समितीत कोणी तरी हे उदाहरण काढून आपल्याला अडवेल. गुलबर्ग्याच्या किल्ल्यातील जामा मशीद १३६७ सालची, बहमनी काळातली. तिला उघडे सहन नाही. संपूर्ण क्षेत्र घुमट आणि लहान घुमट्यांनी झाकलेले आहे. भारतात ही रचना अपवादात्मक मानली जाते. पण ती बांधणाऱ्याने आकाश झाकताना भिंती सोडल्या. बाहेरच्या ओवऱ्यांना जमिनीजवळून उचललेल्या अतिशय रुंद कमानी आहेत, आणि पश्चिम वगळता तिन्ही बाजूंनी उजेड व वारा त्यांतून आत येतो. उलट विजापूरच्या जामा मशिदीत, जिचे काम पहिल्या अली आदिलशहाच्या काळात सुरू झाले, विस्तीर्ण सहन आहे आणि मध्ये हौद आहे. दख्खनमध्ये दोन्ही रीती होत्या. चारही बाजू बंद आणि वरही बंद, ही तिसरी रीत मात्र एकाही जुन्या गवंड्याने वापरलेली मला माहीत नाही. ती काच, स्लॅब आणि वातानुकूलन यांच्याबरोबर आली.

घुमटाबद्दल एक गैरसमज सर्रास आढळतो. घुमट उंच आहे म्हणजे हवा चांगली, असे लोक धरून चालतात. गरम हवा वर जाते हे खरे, पण तिला वरून बाहेर पडायला वाट असेल तरच त्याचा उपयोग. घुमटाच्या गळ्याला, म्हणजे ज्या गोल भिंतीवर तो बसतो तिला, झरोके असतील तर घुमट धुरांड्यासारखे काम करतो. ते बुजवले की तो उपडे ठेवलेले पातेले होतो. आपल्या उदाच्या धुराने तेच दाखवले.

आणखी एक. जुन्या मशिदीच्या दालनावर मंगळुरी कौले असतील तर त्या छपराच्या सांध्यांतूनही हवा जात असते. कौले काढून स्लॅब टाकला की ही वाट कायमची बंद होते, आणि नकाशावर तिची नोंद कोठेही नसल्यामुळे ती गेल्याचे कोणाच्या लक्षातही येत नाही.

सुंदर आणि नवे उदाहरण हवे असेल तर ढाक्याची बैत-उर-रौफ मशीद समितीला दाखवा. मरीना तबस्सुम यांनी तिची रचना केली, २०१२ मध्ये ती पूर्ण झाली, आणि २०१६ मध्ये तिला वास्तुकलेचा आगाखान पुरस्कार मिळाला. तिला घुमट नाही, मिनार नाही. विटांच्या जाळीदार भिंती आणि कडेचे उघडे चौक यांतून वारा आणि उजेड खेळतो. दाट वस्तीतल्या लोकांनी, मर्यादित पैशांत, ती उभी केली. ढाक्याचा पाऊस आणि दमटपणा आपल्यापेक्षा कमी नाही.

थोरला_दवाखाना_वाला

मी डॉक्टर आहे. नाव घेतले ते आपल्या कोल्हापूरकरांच्या सवयीने, ज्याला कागदोपत्री छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय म्हणतात त्या दवाखान्यावरून. साथीची दोन्ही वर्षे मी रुग्णांमध्ये काढली आहेत, त्यामुळे या विषयावर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

सुरुवातीच्या महिन्यांत आपण सगळ्यांनी हात धुण्यावर, पृष्ठभाग पुसण्यावर आणि सहा फुटांच्या अंतरावर भर दिला. हात धुणे चांगलेच आहे, आणि दिवसातून पाच वेळा वजू (नमाजेआधी हात-तोंड-पाय धुणे) करणाऱ्यांना ते शिकवण्याची गरज नव्हती. पण हा विषाणू मुख्यतः हवेतून, श्वासाबरोबर बाहेर पडणाऱ्या अतिसूक्ष्म थेंबांतून पसरतो हे जसजसे स्पष्ट होत गेले, तसतसे इमारत हीच औषधाइतकी महत्त्वाची बाब आहे हेही कळत गेले. मार्च २०२० मध्ये अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यातल्या एका गायनवृंदाच्या सरावाला ६१ जण होते. त्यांत एक बाधित होता. त्या एका संध्याकाळनंतर ५२ जण आजारी पडले आणि दोघे दगावले. बंद खोली, बराच वेळ आणि मोठ्या आवाजात गाणे, या तीन गोष्टी एकत्र आल्या होत्या.

आता हे मशिदीला लावून पाहा. रोजची नमाज थोड्या मिनिटांची असते, नमाजी बहुतांशी मूक असतात, आणि आपल्याकडील हनफी रीतीत आमीनही मनातल्या मनातच म्हटले जाते. मोठ्याने पठण करतो तो एकटा पेशइमाम, आणि तोही भिंतीकडे तोंड करून. या जमेच्या बाजू आहेत. जुम्याचा खुतबा, म्हणजे प्रवचन, आणि रमजानमधली तरावीह, म्हणजे रात्रीची जादा नमाज, यांचे गणित मात्र वेगळे. तरावीहला तर दीड तास, दाटीने, बंद दालनात, रोज.

जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२१ मध्ये वायुवीजनासंबंधी जी मार्गदर्शिका काढली, तिच्यात सार्वजनिक इमारतींसाठी माणशी सेकंदाला १० लिटर ताजी हवा हे किमान प्रमाण दिले आहे. धागाकर्त्यांच्या दालनात तीनशे माणसे असतील तर सेकंदाला ३,००० लिटर, म्हणजे ताशी १०,८०० घनमीटर हवा लागेल. छताची उंची बारा फूट धरली तर दालनात एकूण हवा आहे सुमारे ८१५ घनमीटर. म्हणजे तासाभरात तेथील सगळी हवा तेरा वेळा बदलली पाहिजे. भिंतीवर टांगलेले साधे वातानुकूलन यंत्र बाहेरची हवा आत घेतच नाही. आतलीच हवा गार करून पुन्हा आत सोडते. नव्या सभागृहात अशी दहा यंत्रे बसवली तरी ताज्या हवेच्या हिशेबात त्यांची किंमत शून्य आहे.

घुमटाच्या मोठ्या पोकळीविषयी कमानमिस्त्रींनी लिहिले, त्यात थोडी भर घालतो. रांजणात नीळ थेंबथेंब पडत असेल तर मोठा रांजण निळा व्हायला उशीर लागतो, इतकाच मोठेपणाचा फायदा. पाणी वाहते नसेल तर तोही शेवटी निळा होतोच. उंच दालन आपल्याला थोडा वेळ देते. सुटका फक्त वाहत्या हवेने होते.

ज्यांना मोजून पाहायचे असेल त्यांनी कार्बन डायऑक्साइड मोजणारे छोटे यंत्र आणावे. बाहेरच्या हवेत त्याचे प्रमाण दशलक्ष भागांत सुमारे ४२० असते. माणशी दहा लिटर हवा मिळत असेल तर शांत बसलेल्या माणसांच्या दालनात ते नऊशेच्या आसपास स्थिरावते. जुम्याच्या खुतब्याला आकडा त्याच्या बराच वर चढत गेला, तर दालन श्वास घेत नाही असे समजावे.

विश्वस्त_१

मी दुसऱ्या एका मशिदीचा विश्वस्त आहे. वरील सर्व लेखन आदराने वाचले. पण कारभार पाहणाऱ्याची बाजूही मांडली पाहिजे.

उघडे सहन जूनपासून सप्टेंबरपर्यंत निरुपयोगी असते. पाऊस तिरका आला की आतल्या दोन सफाही भिजतात. जुम्याला माणसे रस्त्यावर उभी राहतात, वाहतूक अडते, शेजाऱ्यांची नाराजी होते, आणि ती रास्तही असते. पेठेत एक फूट जागा नव्याने मिळत नाही, त्यामुळे वर चढण्याशिवाय इलाज नसतो. उन्हाळ्यात म्हाताऱ्या माणसांना घेरी येते. धूळ, गाड्यांचा आवाज, डास हे सगळे उघड्या कमानीतूनच येते. गाळ्यांच्या भाड्यावर पेशइमामांचा पगार आणि मदरशाचा खर्च चालतो. आणि स्पष्ट लिहितो, क्षमा असावी: साथ संपली आहे. शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या संकटासाठी रोजच्या वापराची इमारत गैरसोयीची करावी का?

थोरला_दवाखाना_वाला

विश्वस्त साहेब, आपला शेवटचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून आधी त्याचे उत्तर देतो.

क्षयरोग शंभर वर्षांतून एकदा येत नाही. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश आपल्या देशात आहेत, आणि क्षय हवेतूनच पसरतो. १९५० च्या दशकात बाल्टिमोरमध्ये क्षयरुग्णांच्या खोल्यांतील हवा नळीने वरच्या मजल्यावर नेऊन गिनीपिगांच्या पिंजऱ्यांत सोडली गेली, आणि माणसाशी कोणताही संबंध न आलेले ते प्राणी क्षयाने बाधित झाले. गोवर, फ्लू, कांजिण्या यांचेही तेच. लिमा शहरातील आठ रुग्णालयांचा २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो. खिडक्या-दारे उघडलेल्या खोल्यांत तासाला सरासरी २८ वेळा हवा बदलत होती, तर यंत्राने हवा खेळवलेल्या आधुनिक खोल्यांत तिचे प्रमाण १२ होते. जुन्या, उंच छताच्या आणि मोठ्या खिडक्यांच्या इमारती सर्वांत सरस ठरल्या. आमच्या थोरल्या दवाखान्याच्या जुन्या दगडी इमारतीत, एकोणिसाव्या शतकातल्या, ज्याने कधी व्हरांड्यात उभे राहून वारा अनुभवला असेल त्याला हे वेगळे सांगायला नको.

डासांचा मुद्दा मात्र मला मान्य आहे. डेंग्यू आपल्या शहरात दरवर्षी येतो. हौद राखायचा असेल तर त्यात गप्पी मासे हवेतच, आणि वजूखान्याच्या नळांखाली पाणी साचता कामा नये. मागच्या पिढ्या हौदात मासे का सोडत होत्या याचे कारण मुलांनाही सांगितले पाहिजे.

दगडीओवरी (धागाकर्ता)

डॉक्टरसाहेब, हौदाचा उल्लेख केलात म्हणून लिहितो. हनफी फिकहमध्ये (धर्मशास्त्रात) दहा हात लांब आणि दहा हात रुंद असा हौद वाहत्या पाण्यासारखा मानला जातो, म्हणून आमचा हौद त्या मापाचा. साथीच्या काळात आम्ही तो वापरणे बंद केले आणि घरून वजू करून येण्याचे आवाहन केले, कारण एकाच काठावर वीस माणसे एकाच वेळी चूळ भरतात आणि नाकात पाणी घेऊन शिंकरतात. आता नवीन वजूखाना नळांचा आणि उघड्यावर असावा, आणि हौद थंडाव्यासाठी व देखणेपणासाठी राहावा, असे माझे मत आहे.

विश्वस्त साहेबांच्या अडचणी खऱ्या आहेत. मी त्या रोज पाहतो. माझे म्हणणे इतकेच की पावसावर उत्तर छप्पर आहे, बंद पेटी नव्हे.

पेठेतली_शिक्षिका

आतापर्यंतच्या चर्चेत एक जागा कोणीच मोजली नाही. ती आमची.

ज्या थोड्या मशिदींत स्त्रियांना नमाजेची सोय आहे, तेथे ती बहुधा तळघरात, जिन्याखाली किंवा पोटमाळ्यावर असते. पडद्यासाठी काचेला काळा कागद लावतात, खिडक्या खिळवून टाकतात, आणि हवेसाठी कोपऱ्यात एक पंखा फिरत असतो. रमजानमध्ये तेथे लहान मुलांना घेऊन आम्ही दोन-दोन तास बसलेल्या असतो. मी एका लग्नाच्या निमित्ताने परगावी अशाच एका खोलीत तरावीहला उभी होते. भिंतीला हात लावला तर तो ओला लागला. पाऊस नव्हता. ती आमच्याच श्वासाची वाफ होती.

पडदा आणि वारा यांचे वैर आहे असे ज्यांना वाटते त्यांनी अहमदाबादची सिदी सय्यदची मशीद पाहावी. १५७३ च्या सुमारास पूर्ण झालेल्या त्या मशिदीच्या दगडी जाळ्या जगप्रसिद्ध आहेत. जाळी बाहेरची नजर अडवते आणि वारा अडवत नाही. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांतही बायकांच्या बाजूला जाळीच असे. मग आमच्या वाट्याला काळा कागद का यावा?

समितीला माझी कळकळीची विनंती आहे. नकाशात स्त्रियांचे दालन असेल तर हवेचा हिशेब तेथून सुरू करा. तेथे माणशी दहा लिटर हवा मिळाली तर बाकी मशिदीत ती मिळेलच. आणि दालन नकाशात नसेल, तर निदान आता, सगळेच नव्याने होत असताना, ते यावे.

पंचगंगाकाठ

मी हिंदू आहे आणि आमच्या घरच्या देवळाचा कारभार पाहतो. गाभाऱ्याला एकच दार असते, त्यामुळे वरील प्रत्येक ओळ मला लागू पडत होती. श्रावणातल्या सोमवारी आमच्या गाभाऱ्यात काय होते याचा विचार मी प्रथमच करतो आहे.

माझी आजी १९१८ च्या साथीला "मानमोडी" म्हणत असे. तिच्या आईवडिलांच्या पिढीने त्याआधी प्लेगही पाहिला होता, आणि प्लेगात माणसे घरे सोडून गावाबाहेर झोपड्यांत राहायला जात, हे तिच्या बोलण्यात नेहमी येई. औषध नव्हते तेव्हा मोकळी जागा हाच आधार होता. ईदची नमाज मोकळ्या मैदानावर पढण्याची जी रीत आहे, तिच्याकडे आजवर मी केवळ गर्दीची सोय म्हणून पाहत होतो. दसरा चौकात मुस्लिम बोर्डिंगच्या पटांगणावर ती नमाज होते. राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ मध्ये मुस्लिम शिक्षणासाठी जो पाया घातला, त्यातून ते बोर्डिंग उभे राहिले. शहराच्या मध्यभागी इतकी जागा मोकळी राहिली याचे मोल साथीने कळले.

२०२० च्या ऑगस्टमध्ये गणेशोत्सव आणि मोहरम एकत्र आले होते. एरवी आपल्या तालमींत गणपती आणि पंजे शेजारी-शेजारी बसतात तेव्हा पाय ठेवायला जागा नसते. त्या वर्षी सगळ्यांनी मिळून गर्दी टाळली. तो समजूतदारपणा इमारती बांधतानाही दाखवता येईल असे वाटते.

विश्वस्त_१

शिक्षिका ताईंचे लेखन वाचून मी आमच्या मशिदीतील वरच्या पोटमाळ्यावर जाऊन आलो. तेथे एकही उघडणारी खिडकी नाही. हे मी आठ वर्षे विश्वस्त असून आज पाहिले.

माझे म्हणणे छपराच्या बाजूने होते, बंद करण्याच्या बाजूने नव्हते, हे दगडीओवरी साहेबांनी नीट ओळखले. एक धार्मिक शंका मात्र विचारतो. साथीत अंतर ठेवून उभे राहणे, घरी नमाज पढणे, हे नाइलाजाने झाले. ते लक्षात ठेवून इमारत बांधणे म्हणजे नाइलाजालाच नियम करणे होणार नाही का?

दगडीओवरी (धागाकर्ता)

या शंकेवर मी आमच्या पेशइमामांशी बोललो. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या, त्या जशाच्या तशा देतो.

पहिली. मुसळधार पावसाच्या दिवशी इब्न अब्बास यांनी अजान देणाऱ्याला "नमाजेकडे या" याऐवजी "आपापल्या घरी नमाज पढा" असे पुकारायला सांगितले, ही हदीस प्रसिद्ध आहे. मार्च २०२० मध्ये कुवेतमधील मशिदींच्या अजानीत त्याच अर्थाचे शब्द ऐकू आले तेव्हा जगभर लोकांचे डोळे भरून आले. म्हणजे माणसाचा जीव जपण्याची तरतूद रीतीच्या आतच आहे. दुसरी. खलिफा उमर शामकडे (सीरियाकडे) निघाले असताना तेथे प्लेग असल्याचे कळताच वाटेतूनच परतले, आणि साथ असलेल्या प्रदेशात जाऊ नये व तेथून बाहेर पडू नये ही पैगंबरांची शिकवण त्यांना तेथेच सांगण्यात आली. पेशइमाम म्हणाले, "सफेतले अंतर नाइलाजाचे होते, ते संपले आणि आपण पुन्हा खांद्याला खांदा लावला. खांद्याला खांदा लावून उभे राहायचे असेल तर हवा चांगली हवीच, नाही तर जमात माणसाला भीतीदायक वाटेल."

२०२१ च्या एप्रिलमध्ये वडोदऱ्यातील जहांगीरपुरा मशिदीत कोविड रुग्णांसाठी पन्नास खाटा मांडल्या गेल्या होत्या, हेही समितीसमोर ठेवणार आहे. आपल्या जिल्ह्यात इचलकरंजीच्या मुस्लिम समाजाने २०२० च्या रमजानमध्ये ३६ लाख रुपये जमवून तेथील इंदिरा गांधी रुग्णालयात अतिदक्षता विभाग उभा केला. संकटात मशिदीने रुग्णाला जागा द्यावी अशी वेळ पुन्हा आलीच, तर त्या जागेत वारा असला पाहिजे.

कमानमिस्त्री

मी नकाशा मागवून घेतला आणि त्यावर काम केले. गुलबर्ग्याची रीत येथे बसते. सहनावर छप्पर घाला, पण ते दालनाच्या छतापेक्षा चार फूट उंच उचला आणि मधल्या चार फुटांत काच न लावता तिरप्या पट्ट्या ठेवा. तिरका पाऊस अडेल, हवा अडणार नाही. हौदावरचा चौकोन मात्र उघडाच राहू द्या. किब्ल्याच्या भिंतीत मिहराबाच्या दोन्ही बाजूंना, माणसाच्या नजरेच्या वर, झरोक्यांची एक सलग ओळ घ्या. पारव्यांसाठी बारीक जाळी पुरते. सौम्य वाऱ्यातही, म्हणजे सेकंदाला अर्धा मीटर वेग धरला तरी, समोरासमोर उघड्या असलेल्या एक चौरस मीटर वाटेतून सेकंदाला सुमारे ३०० लिटर हवा जाते. म्हणजे तीस माणसांची सोय. तीनशे माणसांसाठी हवा आत यायला दहा चौरस मीटर आणि बाहेर जायला तितकीच वाट हवी. बाहेर जाणारी वाट सहनाच्या कमानींत कितीतरी अधिक आहे. आत येणारी मात्र आजच्या नकाशात जवळजवळ नाही, ती झरोके आणि उत्तर-दक्षिण खिडक्या मिळून काढावी लागेल. वारा पडलेल्या दिवसांसाठी घुमटाच्या गळ्यात हवा बाहेर फेकणारे दोन मोठे पंखे ठेवा. स्त्रियांचे दालन पहिल्या मजल्यावर उत्तरेला, दोन बाजूंनी विटांची जाळी. गाळे कमी होत नाहीत. एका गाळ्याची खोली तेवढी तीन फुटांनी घटते.

दगडीओवरी (धागाकर्ता)

कमानमिस्त्रींचा सुधारित नकाशा कालच्या बैठकीत भिंतीवर लावला. दोन तास बोलणे झाले. झरोके आणि स्त्रियांचे दालन मान्य झाले. सहनावरील उंच छपराचा खर्च पाहून पुढच्या महिन्यात ठरेल. वातानुकूलन अजून नकाशात आहे, आणि ते काढावे असे मत असणारे आम्ही सध्या चौघे आहोत.

येत्या रविवारी असरनंतर, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजेनंतर, आम्ही मशिदीत पुन्हा ऊद लावणार आहोत, आधी काचा बंद करून आणि मग उघडून, म्हणजे ज्यांनी २०२० मध्ये पाहिले नाही त्या सभासदांना धूर कोठे जातो ते दिसेल. पंचगंगाकाठ यांनाही आवर्जून बोलावले आहे. डॉक्टरसाहेब त्यांचे मोजणी यंत्र आणणार आहेत. येथील ज्यांना यायचे असेल त्यांनी निरोप पाठवावा; वेळ आणि पत्ता कळवतो.